अनुभवाचे माप आणि सिद्धतेची कसोटी

२९ ऑगस्ट २००८ रोजी ओहायो राज्यातील डेटन शहरी रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी उपाध्यक्षपदासाठी आपल्या सहकारी म्हणून अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांचे नाव घोषित केले. त्या दिवशी मॅकेन यांनी वयाची बहात्तर वर्षे पूर्ण केली होती. पेलिन चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या आणि राज्याची धुरा त्यांच्या हाती येऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. आदल्याच रात्री डेन्व्हर येथे बराक ओबामा यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी स्वीकारणारे भाषण केले होते. त्या भाषणाची चर्चा रंगण्याआधीच मॅकेन यांनी साऱ्या अमेरिकेचे लक्ष आपल्याकडे वळवून घेतले. मात्र पहिला विस्मय ओसरताच एक प्रश्न पुढे आला आणि ४ नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत तो मागे हटला नाही : या उमेदवाराकडे पुरेसा राजकीय अनुभव आहे काय?

त्या निवडणुकीला दीड दशकाहून अधिक काळ लोटला आहे. तरीही तो वाद शिळा झालेला नाही. जुलै २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सिनेटमध्ये जेमतेम दीड वर्ष काढलेल्या, एकोणचाळीस वर्षांच्या जे. डी. व्हान्स यांची निवड केली, तेव्हा तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारला गेला. प्रश्न असा वारंवार उपस्थित होत असेल आणि त्याचे उत्तर दर वेळी पक्षाच्या सोयीनुसार बदलत असेल, तर मुळात प्रश्न नीट मांडला जातो आहे काय, याचाच विचार करावयास हवा.

अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाची रचना मोठी चमत्कारिक आहे. घटनेने या पदाला नेमून दिलेले नित्याचे काम म्हणजे सिनेटचे अध्यक्षस्थान. तेथेही मत देण्याचा अधिकार केवळ समसमान मते पडली तरच. परंतु राष्ट्राध्यक्षाचा मृत्यू झाला, त्याने राजीनामा दिला अथवा त्याला पदावरून दूर करण्यात आले, तर हाच मनुष्य उरलेल्या संपूर्ण कालावधीसाठी राष्ट्राध्यक्ष होतो. आपल्याकडील उपराष्ट्रपतिपदाशी तुलना केल्यास यातील गांभीर्य ध्यानात येईल. मे १९६९ मध्ये डॉ. झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर व्ही. व्ही. गिरी यांनी आणि फेब्रुवारी १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद यांच्या निधनानंतर बी. डी. जत्ती यांनी राष्ट्रपतिपदाचा कार्यभार सांभाळला. पण आपल्या घटनेनुसार तो कार्यभार तात्पुरता असतो, सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते आणि राज्यकारभाराची सूत्रे पंतप्रधान व मंत्रिमंडळाकडेच राहतात. अमेरिकेत असा कोणताही मधला आधार नाही. सैन्य, परराष्ट्रसंबंध आणि अण्वस्त्रे यांवरील अंतिम अधिकार एका शपथेसरशी त्या एका व्यक्तीकडे जातो.

ही केवळ कागदोपत्री शक्यता नव्हे. २०२५ पर्यंत पंचेचाळीस व्यक्तींनी अमेरिकेचे अध्यक्षपद भूषविले. त्यांतील नऊ जण उपाध्यक्ष असताना, मुदतीच्या मध्येच त्या पदावर आले. आठ वेळा राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूमुळे आणि एकदा, १९७४ साली, रिचर्ड निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. म्हणजे पाचांत एक. मॅकेन निवडून आले असते तर पहिल्यांदाच पद स्वीकारणारे ते तोवरचे सर्वांत वयोवृद्ध राष्ट्राध्यक्ष ठरले असते. व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षे युद्धकैदी म्हणून त्यांनी यातना सोसल्या होत्या आणि त्वचेच्या कर्करोगावर त्यांच्या शस्त्रक्रियाही झाल्या होत्या. अशा उमेदवाराच्या शेजारी कोण उभे आहे, हे विचारणे हा मतदाराचा अधिकारच होता. त्यात कोणाचाही अपमान नव्हता.

कायद्याने या बाबतीत मार्गदर्शन केलेले नाही. पस्तीस वर्षे वय, जन्मसिद्ध नागरिकत्व आणि देशातील चौदा वर्षांचा रहिवास एवढ्याच अटी घटनेत आहेत. अनुभवाविषयी घटना मौन बाळगते. ते मौन योग्यच आहे, कारण अनुभवाची अट कायद्यात घातली की सत्ता ठरावीक वर्तुळातच फिरत राहते. पण जे कायद्याने ठरवले नाही, ते विवेकाने ठरवावे लागते. तो विवेक आधी पक्षाने आणि मग मतदाराने दाखवायचा असतो.

पेलिन यांची बाजू सर्वस्वी लंगडी होती, असा समज त्या काळात पसरवला गेला. तो न्याय्य नव्हता. १९९२ साली त्या वसिला या छोट्या गावाच्या नगर परिषदेवर निवडून आल्या, १९९६ ते २००२ त्या तेथील महापौर होत्या. गावाची वस्ती साडेपाच हजारांच्या आसपास, म्हणून या कारकिर्दीची बरीच टवाळी झाली. पण पुढची पायरी टवाळीची नव्हती. राज्याच्या तेल व वायू संवर्धन आयोगावर असताना आपल्याच पक्षाच्या राज्यशाखेचे अध्यक्ष सहकारी सदस्य म्हणून कसे वागतात, हे त्यांनी पाहिले, त्याविरुद्ध तक्रार केली आणि २००४ च्या प्रारंभी ते पद सोडून दिले. २००६ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी विद्यमान गव्हर्नर फ्रँक मुर्कोव्स्की यांना पराभूत केले आणि नोव्हेंबरात डेमोक्रॅटिक पक्षाचे माजी गव्हर्नर टोनी नोल्स यांना. सत्तेवर आल्यावर २००७ मध्ये त्यांनी तेल कंपन्यांवरील करआकारणी राज्याच्या हिताच्या दृष्टीने वाढविणारा कायदा संमत करून घेतला. अलास्काचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साडेपाच पट असले तरी लोकसंख्या तेव्हा सात लाखांहून कमी होती आणि राज्याचा डोलारा तेलाच्या पैशावर उभा होता. अशा राज्यात स्वपक्षीयांशी आणि तेल कंपन्यांशी एकाच वेळी दोन हात करणे सोपे नसते. अमेरिकेतील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. अधिकारांच्या दृष्टीने तो मुख्यमंत्र्याच्या जवळचा असतो. प्रत्यक्ष कारभार हाकण्याचा अनुभव त्या निवडणुकीतील चार प्रमुख उमेदवारांपैकी केवळ पेलिन यांच्यापाशीच होता. मॅकेन, ओबामा आणि बायडन हे तिघेही सिनेटर होते.

येथेच दोन्ही पक्षांचा दुटप्पीपणा उघडा पडला. ओबामा २००५ च्या जानेवारीत सिनेटमध्ये आले होते, त्याआधी ते इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये होते. 'हा मनुष्य राष्ट्राध्यक्षपदासाठी कच्चा आहे' हा रिपब्लिकन प्रचाराचा मुख्य मुद्दा होता. पेलिन यांची निवड होताच त्या मुद्द्याची धार मॅकेन यांनी आपल्याच हाताने बोथट केली. दुसरीकडे, ओबामांच्या बाबतीत 'अनुभवापेक्षा विवेकशक्ती महत्त्वाची' असे सांगणारे डेमोक्रॅट रातोरात अनुभवाची वर्षे मोजू लागले. ज्या मापाने आपला माणूस मोजायचा नाही, त्याच मापाने दुसऱ्याचा मोजायचा, ही राजकारणातली जुनीच खोड आहे.

त्यातही स्त्री म्हणून पेलिन यांच्या वाट्याला जे आले ते पुरुष उमेदवाराच्या वाट्याला आले नसते. त्या पाच मुलांच्या माता होत्या आणि धाकटे मूल अवघ्या काही महिन्यांचे होते. एवढा संसार सांभाळून ही बाई देशाचे काम कसे करणार, असे विचारणाऱ्यांत स्त्रीमुक्तीचा उद्घोष करणारेही होते. त्यांचे कपडे, केशरचना, उच्चार यांवर रकानेच्या रकाने खर्ची पडले. अलास्काच्या भूमीवरून रशिया दिसतो, असे त्या एका मुलाखतीत म्हणाल्या होत्या. ते भौगोलिकदृष्ट्या खरेच आहे. बेरिंगच्या सामुद्रधुनीतील अमेरिकेचे छोटे डायोमीड आणि रशियाचे मोठे डायोमीड या बेटांत सुमारे चार किलोमीटरचेच अंतर आहे. पण दूरचित्रवाणीवरील एका विनोदी नकलेत 'माझ्या घरातून रशिया दिसतो' असे वाक्य आले आणि तेच पुढे पेलिन यांच्या नावावर खपले. प्रसारमाध्यमांनी हा अन्याय केला, हे निःसंकोच म्हटले पाहिजे.

परंतु विरोधकांनी अन्याय केला म्हणून मूळ आक्षेप खोटा ठरत नाही. नाव घोषित झाल्यावर जवळजवळ दोन आठवडे पेलिन यांना पत्रकारांपासून दूर ठेवण्यात आले. त्यानंतर झालेल्या मुलाखतींत जे दिसले ते चिंताजनक होते. राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या परराष्ट्रनीतीतील सुप्रसिद्ध सिद्धान्ताविषयी विचारले असता त्या अडखळल्या. आपण कोणती वृत्तपत्रे वाचता, या साध्या प्रश्नालाही त्यांना एखादे नाव घेता आले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या गर्भपातविषयक निर्णयाखेरीज आपल्याला अमान्य असलेला दुसरा निकाल सांगा, म्हटल्यावर उत्तर मिळाले नाही. शेजारच्या देशाचे भौगोलिक सान्निध्य हा परराष्ट्र व्यवहाराचा अनुभव होऊ शकत नाही, हे तर सामान्य वाचकालाही कळत होते. याच सुमारास, १५ सप्टेंबरला, लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था दिवाळखोरीत गेली आणि अमेरिकेची अर्थव्यवस्था गडगडू लागली. अशा वेळी लोकांना नुसती धडाडी पुरत नाही. समोरच्या माणसाला संकट कळले आहे, अशी खात्री त्यांना हवी असते.

२ ऑक्टोबरच्या पेलिन-बायडन वादसभेत पेलिन यांनी स्वतःला बऱ्यापैकी सावरले. ती सभा सुमारे सात कोटी लोकांनी पाहिली. त्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या कोणत्याही वादसभेहून ही संख्या मोठी होती. यावरून लोक उपाध्यक्षपदाकडे किती गांभीर्याने पाहत होते, हे दिसते. मतदानोत्तर पाहणीत दहांपैकी सहा मतदारांनी, गरज पडल्यास राष्ट्राध्यक्ष होण्याची पात्रता पेलिन यांच्यात नाही, असे मत नोंदविले. ओबामा-बायडन जोडीला ३६५ आणि मॅकेन-पेलिन जोडीला १७३ निर्वाचक मते मिळाली. या पराभवाचे खापर केवळ पेलिन यांच्यावर फोडणे चूक आहे. आर्थिक संकट आणि बुश यांच्या कारभाराविषयीची नाराजी ही कारणे अधिक मोठी होती. पण मूळ प्रश्नाचे उत्तर निवडणुकीत मिळाले नव्हते, ते पुढच्या वर्षी मिळाले. जुलै २००९ मध्ये, गव्हर्नरपदाची मुदत संपण्यास जवळजवळ दीड वर्ष शिल्लक असताना, पेलिन यांनी राजीनामा दिला. नीतिविषयक तक्रारींचा ससेमिरा आणि त्यापायी होणारा वेळेचा व पैशाचा अपव्यय हे कारण त्यांनी दिले. कारण खोटे नसेल. तथापि ज्या पदाची अपेक्षा त्यांनी केली होती, तेथे असा ससेमिरा रोजचाच असतो.

आता इतिहासाकडे वळावे. वर्षांनी मोजला जाणारा अनुभव हीच कसोटी मानली, तर इतिहास पदोपदी कोड्यात टाकतो. चेस्टर आर्थर उपाध्यक्ष होण्यापूर्वी कधीही लोकांतून निवडून आले नव्हते. न्यूयॉर्क बंदराचे जकात अधिकारी म्हणून पक्षाच्या वशिलेबाजीच्या यंत्रणेत त्यांची जडणघडण झाली होती आणि १८७८ साली राष्ट्राध्यक्ष हेज यांनी त्यांना त्या पदावरून दूर केले होते. १८८१ मध्ये गारफील्ड यांची हत्या झाली आणि हाच मनुष्य राष्ट्राध्यक्ष झाला. सारा देश धास्तावला होता. पण सरकारी नोकऱ्या वशिल्याऐवजी गुणवत्तेवर द्याव्यात, हा कायदा जानेवारी १८८३ मध्ये त्यांच्याच स्वाक्षरीने अमलात आला.

हॅरी ट्रुमन यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. पदवी नाही, कपड्यांचे दुकान बुडालेले, मिसुरीतील एका काउंटीच्या कारभारातून राजकारणात वर आलेला हा गृहस्थ. उपाध्यक्षपदावर त्यांना केवळ ८२ दिवस मिळाले. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट निवर्तले आणि युद्ध ऐन शिगेला असताना ट्रुमन यांनी शपथ घेतली. अणुबॉम्ब तयार होत आहे, याची कल्पनाही रूझवेल्ट यांनी त्यांना दिली नव्हती. युद्धमंत्री स्टिमसन यांनी तो विषय तपशिलाने त्यांच्यापुढे मांडला तो २५ एप्रिलला, पदग्रहणानंतर तेरा दिवसांनी. तरीही युरोपची पुनर्बांधणी आणि १९४९ ची नाटो संघटना यांचा पाया ट्रुमन यांच्याच कारकिर्दीत घातला गेला. याचे रहस्य १९४१ नंतरच्या त्यांच्या सिनेटमधील कामात आहे. संरक्षण खर्चातील उधळपट्टी शोधणाऱ्या समितीचे प्रमुख म्हणून त्यांनी कारखाने, छावण्या, हिशेब यांचा कसून अभ्यास केला होता. ते काम गाजावाजाचे नव्हते, पण माणूस घडविणारे होते.

उलट बाजूही पाहावी. डिक चेनी यांच्याइतका अनुभवी उपाध्यक्ष क्वचितच झाला असेल. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुख, दहा वर्षे प्रतिनिधिगृहाचे सदस्य, चार वर्षे संरक्षणमंत्री. पण इराककडे संहारक अस्त्रे आहेत, याविषयी निःशंक असल्याचे त्यांनी ऑगस्ट २००२ मध्ये जाहीरपणे सांगितले. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाले आणि ती अस्त्रे कधीच सापडली नाहीत. सिनेटमध्ये तीन दशके काढलेल्या बायडन यांनीही ऑक्टोबर २००२ मध्ये युद्धाच्या अधिकाराच्या बाजूने मत दिले होते. त्याच महिन्यात शिकागोतील एका सभेत या युद्धाला विरोध करणारे ओबामा तेव्हा केवळ राज्याच्या विधिमंडळात होते. केस पांढरे झाले म्हणजे दृष्टी स्वच्छ होतेच, असे नाही.

आणि डॅन क्वेल? १९८८ मध्ये त्यांच्या निवडीवर असेच काहूर उठले होते. वास्तविक काँग्रेसमध्ये त्यांची बारा वर्षे झाली होती. तरी वादसभेत लॉइड बेंटसन यांनी 'तुम्ही केनेडी नव्हेत' या आशयाचा टोला लगावला आणि तो त्यांना जन्मभर चिकटला. १९९२ मध्ये एका शाळेत बटाट्याचे स्पेलिंग चुकल्याने ते साऱ्या देशाच्या चेष्टेचा विषय झाले. पण जानेवारी २०२१ मध्ये निवडणुकीचा निकाल फिरविण्यासाठी उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्यावर दडपण आले, तेव्हा पेन्स यांनी ज्यांचा सल्ला घेतला त्यांत क्वेल होते, असा वृत्तान्त बॉब वुडवर्ड आणि रॉबर्ट कोस्टा यांच्या पुस्तकात आला आहे. तुम्हाला असा अधिकारच नाही, असे क्वेल यांनी निक्षून सांगितले. ६ जानेवारीला पेन्स यांनी तीच भूमिका घेतली. ज्याला हलका ठरविले गेले, तो नेमक्या क्षणी पदाची मर्यादा ओळखणारा निघाला.

यातून जे निष्पन्न होते ते असे. वर्षांची बेरीज म्हणजे अनुभव नव्हे, पण म्हणून अनुभवाचा प्रश्नच गैरलागू आहे, असेही नव्हे. तो वेगळ्या रीतीने विचारावा लागतो. उमेदवाराने आजवर असा निर्णय घेतला आहे काय, ज्याचे परिणाम त्याला स्वतःला भोगावे लागले? आपल्या पक्षाला, आपल्या आश्रयदात्याला नाही म्हणण्याचे धैर्य त्याने कधी दाखविले आहे काय? ज्या प्रश्नांशी आपला संबंध नव्हता, त्यांचा अभ्यास त्याने पद मिळण्यापूर्वी केला आहे काय? आणि काम अंगावर आले असता ते अखेरपर्यंत निभावण्याची चिकाटी त्याच्यात आहे काय? पेलिन पहिल्या दोन प्रश्नांत निश्चित उत्तीर्ण होतात, आणि नेमक्या पुढच्या दोन प्रश्नांत कमी पडतात. त्यांच्यावर स्तुतिसुमने उधळणाऱ्यांनी पहिली बाजू पाहिली, खिल्ली उडविणाऱ्यांनी दुसरी. दोन्ही एकत्र पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

तथापि सर्वांत मोठी जबाबदारी उमेदवाराची नसून निवड करणाऱ्याची असते. मॅकेन आणि पेलिन यांचा आधीचा परिचय फार थोडा होता आणि निवडीचा निर्णय घाईत झाला. महिला मतदार, पक्षाचा निष्ठावंत वर्ग आणि वृत्तपत्रांचे मथळे यांचा हिशेब मांडला गेला. उद्या ही व्यक्ती राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत बसली तर, हा हिशेब मागे राहिला. १९७२ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांनीही अशीच घाई केली. थॉमस इगल्टन यांच्या मानसोपचारांची माहिती बाहेर आल्यावर, निवडीनंतर अठरा दिवसांतच त्यांना उमेदवारी सोडावी लागली. २०१८ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, सिनेटर जो लीबरमन यांना निवडले नाही याची खंत मॅकेन यांनी व्यक्त केली, मात्र पेलिन यांना त्यांनी दोष दिला नाही. त्यातून या सेनानीचा उमदेपणा दिसतो. पण पूर्वतयारीविना कार्यकर्त्याला रणात लोटले तर त्याचाही बळी जातो, ही गोष्ट उरतेच. आणखी काही वर्षे गव्हर्नरपदी काम, देशाच्या प्रश्नांचे वाचन, थोडा विदेशप्रवास एवढे मिळाले असते तर पेलिन कदाचित वेगळ्या दिसल्या असत्या. त्याऐवजी त्यांची वाटचाल खुंटली. २०२२ मध्ये अलास्कातून प्रतिनिधिगृहावर जाण्याचे त्यांचे दोन्ही प्रयत्न अपयशी ठरले.

जानेवारी २०२५ मध्ये व्हान्स यांनी उपाध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांच्याविषयीही केवळ वयावरून वा सिनेटमधील महिन्यांवरून निकाल देणे उतावळेपणाचे आहे. वर सांगितलेले चार प्रश्नच त्यांनाही लागू पडतात आणि त्यांची उत्तरे भाषणांतून मिळत नाहीत, कामातून मिळतात.

कोणत्याही राष्ट्राला, पक्षाला अथवा संघटनेला दुसरी फळी लागते. ती निवडणुकीच्या तोंडावर शोधायची नसते. शांततेच्या काळात, लहान लहान जबाबदाऱ्या देऊन, चुका करू देऊन आणि त्या सुधारून घेऊन ती घडवायची असते. ज्याला उद्या नेतृत्व करायचे आहे त्याला आज माहिती द्यावी लागते, विश्वासात घ्यावे लागते, कठीण प्रश्न विचारावे लागतात. ट्रुमन यांना अंधारात ठेवणे ही रूझवेल्ट यांच्यासारख्या थोर नेत्याची चूक होती. ट्रुमन तरले म्हणून देश निभावला. दर वेळी ट्रुमनच मिळेल, या भरवशावर राष्ट्राचे भवितव्य सोपवता येत नाही.